नाव कुणी घेतलं नाही

जिबेक माझ्या घोड्यांची धार काढायला आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दोन उन्हाळे ही बाई माझ्याशी बोलत नव्हती. वरच्या झऱ्यावर आधी कुणाची वासरं पाणी पिणार यावरून आमचं वाजलं होतं. अख्ख्या कुरणासमोर तिने मला चेटकीण म्हटलं होतं आणि मी तिच्या नवऱ्याला काय म्हटलं होतं ते इथे लिहीत नाही. त्या सकाळी मी दुसऱ्या धारेसाठी शिंगरू सोडत होते, तर ही बादली घेऊन पुढ्यात उभी. तू बस, म्हणाली, मी काढते. आणि माझ्या लाल घोडीपाशी एक गुडघा टेकून बसली पण. ती घोडी परक्या हाताला पान्हा सोडत नाही. तिने मागचा पाय झाडला, बादली उलटली, दूध जिबेकच्या घागऱ्यावर सांडलं. एरवी ती घोडीच्या सात पिढ्यांना शिव्या घालत उठली असती. त्या दिवशी तिने नुसता घागरा पिळला आणि पुन्हा गुडघा टेकला.

मी यूर्तकडे, आमच्या नमद्याच्या गोल तंबूकडे वळले तर तिथे तिचा नवरा माझ्या चामडी बुधल्यातलं दूध घुसळत होता. बापयगडी आणि घुसळण! आणखी दोघं खालच्या तंबूंतून आले होते. एक लाकडं फोडत होता, दुसरा माझ्या मेंढ्या मोजत होता. माझा नवरा कुबात पहाटेच फोनला रेंज मिळते त्या टेकडीवर गेला होता. तो आता घोड्यावर खोगीर चढवत होता, आणि तेही उलटं.

मी विचारलं, "कोण मेलं?"

सगळ्यांचे हात थांबले. मग जिबेक बादलीत बघत म्हणाली, असं काय बोलतेस, तुझ्या आक्यांना जरा बरं नाही म्हणे, भेटून ये, आम्ही आहोत इथे. आके म्हणजे माझा बाप. कुबात म्हणाला, हो, जरा बरं नाही. आणि खोगिराचा पट्टा सोडून पुन्हा तसाच उलटा आवळायला लागला.

आमच्याकडे बरं नाही हे सांगायला एक माणूस येतो. चार आले की माणूस गेलेला असतो. मेल्याची बातमी तोंडावर सांगायची नाही, हा आमचा कायदा. लांब असलेल्या रक्ताच्या माणसाला काहीतरी सांगून घरी आणायचं, दहा बायकांच्या घोळक्यात बसवायचं आणि मग म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी बोलायचं. लहानपणापासून मी हे बघितलंय. दोन-तीनदा मी स्वतः केलंय. समोरच्याला आधीच कळलेलं असतं आणि आपल्याला माहीत असतं की त्याला कळलंय, तरी दोन्हीकडून सोंग चालू ठेवायचं असतं. मीही चालू ठेवलं. डोक्याला रुमाल बांधला, सुकत घातलेल्या चक्क्याच्या गोळ्यांवर कापड टाकलं, आणि गाडीत बसले.

गाडी जिबेकच्या दिराची. ती माझ्याबरोबर मागे बसली, घागरा ओलाच. पूर्ण वाट तिने माझा हात सोडला नाही. त्या हाताला माझ्याच घोडीच्या दुधाचा वास येत होता.

खरं सांगते, वाटेत मी रडत नव्हते. मी जुळवत होते. बाप अठ्ठ्याहत्तरचा. दोन हिवाळे त्याची छाती फाटक्या भात्यासारखी वाजत होती. त्याच्यासाठीचा विलाप मी कधीपासून मनात रचून ठेवला होता. आमच्यात लेकीने दारापासून हेल काढत जायचं असतं, मेलेल्याचं सगळं आयुष्य सांगत. जी लेक नुसती हुंदके देते तिला गाव वर्षभर नावं ठेवतं. खिंडीतल्या वळणांवर मी ओळी चाळत होते, कुठली आधी, कुठली नंतर. भावाचाही विचार आला. सिरगाक एकटा काय सांभाळणार, यूर्त उभारायला माणसं गोळा केली असतील का, की त्यातही उशीर? मी त्याच्याशी मे महिन्यापासून बोलले नव्हते. कुरणावर चढताना तो ट्रक घेऊन येणार होता. आला दोन दिवसांनी, मी आणि कुबातने यूर्तचा सांगाडा बांधून, नमदे ओढून, कंबर मोडून घेतल्यावर. मी त्याला म्हटलं, तुझ्यापेक्षा खेचर बरं. तो हसला. तीन वाडगे घोडीचं दूध प्यायला, सावलीत झोपला आणि संध्याकाळी निघून गेला.

गावात बापाच्या अंगणात मयताची यूर्त उभी होती. म्हणजे ठरलंच. उतरताच दोन बायकांनी मला दोन्ही बगलांत धरलं. रुमाल तोंडावर ओढला, रीतच आहे. यूर्तच्या बाहेर पुरुषांची रांग, सगळे काठ्यांवर कमरेत वाकलेले, टोप्या खाली, मोठमोठ्याने रडणारे. मला त्यांचे बूट तेवढे दिसत होते. मी सूर लावला.

चांगला लागला. छताचं कडं निसटलं रे आके, म्हटलं, आता पाऊस थेट चुलीवर. तुझ्या पांढऱ्या दाढीचं म्हटलं, तुझ्या खोगिराचं म्हटलं. बूट थबकले, मी थबकले नाही. बगलेतली एक बाई मला चिमटा काढत होती, मला वाटलं ती सावरतेय. मी आणखी वर चढले. म्हटलं, घर कुणाच्या हाती टाकून गेलास आके, सिरगाकच्या? ज्याला स्वतःच्या घोड्याचा पट्टा आवळता येत नाही? जो स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला? त्याच्या भरवशावर आम्हाला सोडून—

पुरुषांचं रडणं थांबलं होतं. त्या शांततेत कुणीतरी खोकलं. खोल, ओला, शेवटाला शिट्टी वाजणारा खोकला. दोन हिवाळे ऐकलेला.

मी रुमाल वर केला. रांगेच्या टोकाला माझा बाप काठीवर वाकून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आधी आनंद झाला. हो, आनंद. बाप जिवंत आहे. मग मी यूर्तकडे बघितलं. मग पुन्हा बापाकडे. हिशेब लागेना. मी रांगेतले चेहरे बघत गेले, एकेक, शेवटपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. जो सापडत नव्हता त्याचं नाव मी आत्ताच घेतलं होतं.

उपल आपा पुढे आली. माझी नाळ हिने कापलेली. तिने माझं तोंड तळहाताने बंद केलं, अगदी करकचून, आणि मला आत नेलं.

आत डावीकडे पडदा. कोपऱ्यात नुरीला, त्याची बायको, तोंड नमद्याच्या भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. तिने सगळं ऐकलेलं. तिची पाठ हलत नव्हती. उपल आपाने पडदा बाजूला केला. सिरगाक. हनुवटी रुमालाने बांधलेली, दात दुखतो तेव्हा बांधतात तशी. अजून आंघोळ घातली नव्हती. बोटांना घासाचा हिरवा डाग तसाच. काल दुपारी खालच्या शेतात घास कापत होता, म्हणाली आपा. विळा ठेवला, बसला, ताक मागितलं. नुरीला वाडगा घेऊन वळेपर्यंत कलंडला होता. डॉक्टर म्हणाला हृदय थांबलं. छत्तिसाव्या वर्षी का थांबलं, ते त्याला विचारलं तर म्हणाला, थांबतं कधी कधी.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. सूर नाही, हुंदका नाही. जे होतं ते मी बाहेर जिवंत माणसावर खर्चून आले होते, आणि वर या पोराला लाथ घालून. बायकांनी वाट बघितली. मग उपल आपाने माझ्या नावाने स्वतः सूर लावला, त्याला ससाणा म्हटलं, वाघ म्हटलं. माझा भाऊ वाघ नव्हता. मी नुसती बसून राहिले.

दिवस असाच गेला. गाव येत होतं. येणारा पुरुष फाटकापासूनच 'भावा रे' ओरडत यायचा, येणारी बाई हेल काढत. आतल्या बायकांनी त्यांना हेल काढून उत्तर द्यायचं. माझ्या वाटचं उत्तर जिबेक देत होती. ही जिबेक! माझ्या भावाशी आयुष्यात दोनदा बोलली असेल. तिने मला दुखवट्याचा निळा झगा घातला, तोंडात चहाचे घोट सोडले, मागे नेऊन बसवलं, आणलं. तिकडे कुरणावर माझ्या घोड्यांची धार तिची सून काढत होती. मागच्या अंगणात शेजारच्या पोरी कढईत बोरसोक तळत होत्या, कणकेचे तुकडे पोत्याने. पुरुषांनी घोडा कापला होता, आतडी धुवायला बायका ओढ्यावर गेल्या होत्या. माझ्या बापाच्या घरात माझ्या बापाला एक काडी उचलायला लागली नाही. मला या सगळ्यांना लाथा घालाव्याशा वाटत होत्या. मेंढ्या सोडल्या तर कुरणावर सगळ्यांना माहीत होतं. एकाने, फक्त एकाने, दोन शब्द बोलायचे होते. आणि जिबेकने पाठीवरचा हात काढला की मी कलंडत होते, हेही खरं.

कुणी मला माझ्या चुकीबद्दल एक अक्षर बोललं नाही. तेही ठरवून. फक्त नुरीला एकदा, थोरल्या बहिणीला मारतात ती हाक मारून, भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "एजे, पट्टा येत होता त्याला आवळायला. तुम्ही यायच्या तेव्हा मुद्दाम सैल ठेवायचा. तुम्ही चिडलात की त्याला मजा वाटायची."

मी तेव्हाही रडले नाही.

दफन दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलं, सबिरासाठी. सबिरा आमची थोरली. नऊ वर्षं मॉस्कोत दवाखान्याच्या फरशा पुसते. सकाळी तिचं विमान उतरलं होतं, टॅक्सीने निघाली होती. तिला फोन करून काय सांगितलं होतं?

आक्यांना बरं नाही.

हे मला सकाळी पिठाच्या परातीपाशी कळलं. मी तशीच कणकेच्या हातांनी अंगणात गेले. एसेनबाय, आमच्या भावकीतला म्हातारा, ओंडक्यावर बसून माणसं वाटून देत होता: टॅक्सी आधी माझ्या घरी थांबवा, तिथे पाच बायका ठेवा, मी बोलेन, मग पायी इकडे आणा. माझा बाप शेजारी काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

मी म्हटलं, तिला आत्ता फोन करा. खरं सांगा.

एसेनबाय म्हणाला, असं करत नाहीत.

मी म्हटलं, काल माझं काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं. आता तिचंही तसंच करायचंय? नऊ वर्षांनी येतेय, तीही वाटेत बापाचंच जुळवत बसली असेल. सगळा गाव शहाणा, आणि ज्यांचं माणूस गेलं तेवढ्या दोघी वेड्या. मी आणखीही बोलले. एसेनबायच्या वयाच्या माणसाला बोलू नये असं बोलले. कुबातने हळूच माझ्या झग्याच्या खिशातून फोन काढून घेतला. नवऱ्याने पंधरा वर्षांत एवढी चपळाई कधी दाखवली नव्हती.

उपल आपाने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी, सुरकुतलेली. ती म्हणाली, "माझ्या पोराची बातमी मला टपालवाल्याने दारात सांगितली. सरळ माणूस होता, सरळ सांगितली. घरात मी एकटी. चूल पेटलेली. मी चुलीवर पडले. माझ्या शेजारणीला हाक ऐकू येईपर्यंत हे झालं होतं. तुला राग आलाय, येऊ दे. पण आम्ही मजा म्हणून नाही लपवत."

मी बापाकडे बघितलं. तू सांग, म्हटलं. तू काय म्हणतोस?

तो कालपासून माझ्याशी बोलला नव्हता. तो म्हणाला, "तिला रस्त्यात कळलं, तर धरेल कोण?"

उपल आपाचा हात खरा होता, काल माझं झालं तेही खरं होतं. दोन्ही एका डोक्यात मावेनात. मी परातीपाशी परत गेले, कणीक तिंबली, दोन गोळे लाटले. मग हात झग्याला पुसले, आतडी धुवायचं टोपलं उचललं म्हणजे कुणी विचारणार नाही, आणि ओढ्याच्या वाटेने पुलावर गेले.

गावात शिरणारी गाडी त्या पुलावर हळू होते, फळ्या सैल आहेत. मी टोपलं रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. ऊन चढत होतं. घासाचं कापलेलं शेत तिथून दिसतं, अर्धं कापलेलं, अर्धं उभं. कापलेला घास उलटायला हवा होता, नाहीतर खालून काळा पडतो. गावातल्या कुणाला ते सुचलं नव्हतं, पहिल्यांदाच काहीतरी सुचलं नव्हतं.

टॅक्सी आली, टोपल्यापाशी थांबली. सबिरा उतरली. जाड झाली होती, केस रंगवलेले. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. मी निळ्या झग्यात होते.

मी काल रात्रभर ठरवलेलं नव्हतं काही. मी फक्त म्हटलं, "एजे, सिरगाक मेला. परवा. आके बरे आहेत."

ती म्हणाली, "कोणता सिरगाक?"

मी म्हटलं, आपला.

ती म्हणाली, आपला नाही. बरं नाही म्हटले ते आक्यांना. मग हसली, मग तिने मला फाडकन मुस्काटात मारली. मी हललेसुद्धा नाही. दुसरी मारली. तिसऱ्याला हात अर्ध्यातच राहिला आणि तिचे गुडघे गेले.

मी धरलं. पण सबिरा माझ्या दीडपट. मी तिच्या काखेत हात घातले तर ती खालून निसटली, कंबर धरली तर डोकं मागे गेलं. फळ्यांमध्ये फटी, खाली दगडांवरून पाणी. ती लोळत होती, कठड्याकडे. कठडा कसला, एक वासा. मी तिच्या अंगावर आडवी पडले, माझं सगळं वजन टाकून, तिचे केस मुठीत धरून. टॅक्सीवाला दूर उभा, परका माणूस, बाईला हात लावावा की नाही या विचारात सिगारेट शोधत होता. मी त्याला ओरडले, धर की मेल्या. त्याने तिचा एक बूट धरला.

माझे दोन हात पुरत नव्हते. एवढंच डोक्यात होतं. दोन हात पुरत नाहीत. आणि तिथे, तोंड फळीवर, दात मातीत, माझ्या छातीतून ते निघालं. सूर नव्हता, ओळी नव्हत्या. त्याचं नाव आणि शिव्या. नुसत्या शिव्या. पट्टा येत होता तर का रे मेल्या, ट्रक कुठे होता दोन दिवस, ताक मागितलंस तर प्यायचं होतंस. सबिरा खाली, मी वर, दोघी एकाच आवाजात ओरडत होतो.

मग फळ्या धडधडल्या. शेतातून बायका धावत येत होत्या, पुढे जिबेक, झगा वर खोचलेला, मागे तळणीचे हात तसेच घेतलेल्या पोरी, आणि सगळ्यांत मागे उपल आपा, हातात पाण्याची किटली, धापा टाकत. जिबेकने सबिराच्या काखेत खांदा घातला, दुसरीने दुसरीकडून, तिसरीने मला उचललं. आपाने दोघींच्या तोंडावर पाणी मारलं, उरलेलं स्वतः प्यायली आणि म्हणाली, टोपलं कुणीतरी उचला गं, गाडी जायचीय.

आम्ही चालत निघालो. मी बरोबर केलं की चूक, ते मला त्या वाटेवर कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. सबिराची मान खांद्यावर पडलेली होती. मध्येच ती म्हणाली, "विमानात चार तास रडले मी. आक्यांसाठी. शेजारच्या रशियन बाईने रुमाल दिला. सगळं रडून झालं माझं, बुरुल. आता काय करू?"

मी म्हटलं, माझंही झालंय.

फाटकातून आत शिरलो तेव्हा पुरुष काठ्यांवर वाकले आणि रडायला लागले, रीतीप्रमाणे. आम्ही सूर लावायचा होता. दोघींनीही लावला नाही. मी आमच्या बापाकडे बघत होते, सबिराही बघत होती. तो रांगेच्या टोकाला उभा होता, जिवंत, आम्हा दोघींनीही रडून संपवलेला. त्याने आमच्या मातीने भरलेल्या तोंडांकडे बघितलं. मग तो काठीवरून सरळ झाला, रीत मोडून, रडणाऱ्या रांगेतून बाहेर आला, आणि यूर्तच्या दाराचा नमदा स्वतःच्या हाताने वर धरला.

"सिरगाक आत आहे," तो म्हणाला. "दफनाला अजून दोन तास आहेत. जा त्याच्यापाशी."